इन्सुलिननंतरचे बालपण : मधुमेही मुलांच्या उन्हाळी शिबिरांचा इतिहास

१/ ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्याने फारसे साधले नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा उपचार सुरू झाले आणि मुलाच्या रक्तातील साखर उतरली. इन्सुलिनची कथा बहुधा येथे, फार तर १९२३च्या नोबेल पुरस्कारापाशी थांबवली जाते. मुलांच्या बाजूने पाहिले, तर ती येथे नुकतीच सुरू होते.

२/ त्यापूर्वी या मुलांसाठी वैद्यकाकडे जवळजवळ एकच मार्ग होता : फ्रेडरिक ॲलन यांनी रूढ केलेला उपासमारीचा आहार. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ ऑगस्ट १९२२ मध्ये टोरोंटोला पोहोचली, तेव्हा जवळजवळ पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन जेमतेम वीस किलो होते. इन्सुलिनच्या आधारे ती १९८१पर्यंत जगली.

३/ मात्र इन्सुलिनने रोग बरा होत नव्हता. मरण टळत होते. काचेची सिरिंज उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून तिला धार लावायची, हे घरातले रोजचे काम झाले. घरच्या घरी रक्त तपासण्याची सोय नव्हती. लघवीचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळायचे आणि रंग पाहायचा : निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा, पिवळा, नारिंगी करत विटकरी झाला तर पुष्कळ. मात्रा जास्त झाली, तर साखर एकाएकी उतरून मूल बेशुद्ध पडे. मग पोहणे, सहल, मैत्रिणीकडचा मुक्काम अशा साऱ्याच गोष्टींची पालकांना धास्ती वाटू लागली.

४/ १९२५ साली मिशिगनमध्ये डॉ. लिओनार्ड वेंट यांनी मधुमेही मुलांसाठी शिबिर भरवले. या प्रकारचे ते पहिले मानले जाते. इन्सुलिन येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती!

५/ १९३२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ ऑक्सफर्ड येथे मुलींचे शिबिर सुरू झाले. जागा होती अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन यांच्या जन्मघराची. युनिव्हर्सलिस्ट चर्चच्या महिला संघटनेने ती आधीच विकत घेतली होती. बॉस्टनचे मधुमेहतज्ज्ञ इलियट जोस्लिन यांचा जन्म शेजारच्याच ऑक्सफर्डचा. मुलग्यांचे शिबिर जवळच्या चार्ल्टनमध्ये उभे राहायला मात्र १९४८ उजाडले. त्याला जोस्लिन यांचेच नाव मिळाले.

६/ शिबिरात काय घडे? लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले होते. दिवसभर धावणाऱ्या-पोहणाऱ्या मुलांमध्ये हा नियम उघड्या डोळ्यांनी दिसे. शिबिरात आल्यावर अनेकांची मात्रा कमी करावी लागे आणि पोहण्याआधी काहीतरी खायला द्यावे लागे. घरी ज्या खेळाची धास्ती होती, तो येथे उपचाराच्या हिशेबात धरला जाई.

७/ याहून मोठी गोष्ट होती सुईची. घरी आई टोचत असे. येथे शेजारच्या खाटेवरची, वयाने थोडीशीच मोठी मुलगी स्वतःच टोचून घेताना दिसे. डॉक्टरांच्या उपदेशाने जे होत नाही, ते अशा दृश्याने होते. आपल्यासारखे दुसरे मूल कधीच न पाहिलेल्या मुलाला येथे सगळेच आपल्यासारखे भेटत.

८/ या शिबिरांना गोड रंग फासण्याचे कारण नाही. जोस्लिन यांच्या विचारात शिस्त हा जवळजवळ नैतिक गुण होता. अन्न तोलूनमापून मिळे आणि चाचणीनळीतला रंग पाहता पाहता मुलाच्या वर्तनाचा निकाल ठरे. नमुन्यात पाणी मिसळून निळा रंग मिळवण्याची युक्ती त्यातूनच निघाली. शिवाय शिबिराची वाट सर्वांना खुली नव्हती. इन्सुलिनच ज्यांच्या आवाक्याबाहेर, त्यांना शिबिर कुठले?

९/ तरीही मात्रा, अन्न आणि श्रम यांचा मेळ रुग्णाने स्वतः घालायचा, हे तत्त्व शिबिरांनी मुलांच्या हाती फार लवकर दिले. त्या तत्त्वाला भक्कम पुरावा मिळाला १९९३ मध्ये. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या दीर्घ अभ्यासात एका गटाने दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शने वा पंप वापरला, वारंवार रक्त तपासले आणि मात्रा त्यानुसार बदलली. त्या गटात डोळे, मूत्रपिंडे व चेतातंतूंची हानी स्पष्टपणे घटली. अभ्यासातील सर्वांत लहान रुग्ण तेरा वर्षांचे होते.