त्रेपन्न दिवस आणि एकोणीस वर्षे

जून २०२३मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून एक महत्त्वाचे वृत्त आले. उंदरांची मूत्रपिंडे अतिशीत, काचेसारख्या अवस्थेत १०० दिवसांपर्यंत साठवून, पुन्हा ऊब देऊन तेथील संशोधकांनी ती दुसऱ्या उंदरांच्या शरीरात बसवली आणि ती कामाला लागली. माणसाचे दान केलेले हृदय बर्फाच्या पेटीत चार ते सहा तासच टिकते, मूत्रपिंड फार तर दीड दिवस. त्यामुळे या वृत्ताने अवयवांची प्रतीक्षा करणाऱ्यांच्या मनात आशा जागवली, हे स्वाभाविकच होते. मला मात्र अशी बातमी वाचताना १९७८ सालचे कोलकाता आठवते. त्या कथेचे शेवटचे प्रकरण आमच्या बंगळुरूच्या एका नियतकालिकात लिहिले गेले.

प्रथम थोडे भौतिकशास्त्र. जिवंत पेशीचा शत्रू थंडी नाही, बर्फ आहे. पेशी अगदी सावकाश थंड केली, तर बर्फ आधी तिच्याबाहेर तयार होतो. बर्फात शुद्ध पाणीच जाते, क्षार मागे उरतात. बाहेरचे द्रावण अधिकाधिक खारट होत जाते, पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी सुकून मरते. फार वेगाने थंड केली, तर पाण्याला बाहेर पडायला अवधी मिळत नाही. मग बर्फाचे स्फटिक पेशीच्या आतच वाढतात आणि तिची रचना मोडतात. या दोन मृत्यूंच्या मधली अरुंद वाट शोधणे हा शीतजीवशास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

१९४९मध्ये लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉलचा संरक्षक गुण सापडला. दहा वर्षांनी लव्हलॉक आणि बिशप यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड हे दुसरे संरक्षक द्रव्य पुढे आणले. १९७२मध्ये व्हिटिंगहॅम, लाइबो आणि मेझर यांनी उंदराचे भ्रूण गोठवले आणि पुन्हा वितळवून त्यांपासून जिवंत पिल्ले मिळवली. मानवी भ्रूणाच्या बाबतीत हे कोणी केले नव्हते.

कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांच्या दोन डॉक्टरेट होत्या, एक कोलकाता विद्यापीठाची आणि दुसरी एडिनबरोची. सोबत दोनच सहकारी होते: शीतजीवशास्त्र जाणणारे सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. स्त्रीबीजे अधिक संख्येने मिळावीत म्हणून त्यांनी संप्रेरके दिली. पण संप्रेरकांमुळे गर्भाशयाच्या अस्तराची नैसर्गिक लय बिघडते आणि त्यात भ्रूण रुजणे कठीण होते. मुखर्जींचे उत्तर साधे होते: भ्रूण तोपर्यंत थांबवून ठेवायचा. आठ पेशींचा भ्रूण त्यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइडच्या संरक्षणात गोठवला, ५३ दिवस जपला आणि पुढच्या नैसर्गिक ऋतुचक्रात आईच्या गर्भाशयात ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. दुर्गापूजेच्या दिवसांत जन्मली म्हणून ती 'दुर्गा' या नावाने ओळखली गेली. जगातील पहिली परीक्षानळी-बालिका लुईस ब्राउन हिच्या जन्माला तेव्हा अवघे सत्तर दिवस झाले होते.

पश्चिम बंगाल सरकारने या दाव्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे अभ्यासक होते. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून हा तपशील मला दर वेळी अस्वस्थ करतो. समितीने दावा अमान्य केला. शंका घेण्याचा तिला अधिकार होताच. दावा असाधारण होता, प्रसिद्ध झालेला वृत्तांत त्रोटक होता आणि समाजाच्या भीतीने कुटुंबाला प्रसिद्धी नको होती. परंतु शंका घेणे आणि तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. तपासणीसाठी त्या विषयातले जाणकार लागतात आणि प्रयोग पुन्हा करून दाखवण्याची संधी द्यावी लागते. मुखर्जींना यांपैकी काहीच मिळाले नाही. जपानमध्ये जाऊन आपले काम मांडण्याची परवानगीही त्यांना नाकारली गेली. जून १९८१मध्ये संप्रेरकांच्या या संशोधकाची बदली नेत्ररोगांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. ते पन्नास वर्षांचे होते.

दोन वर्षांनी, १९८३मध्ये, मेलबर्नच्या ट्राउन्सन आणि मोर यांनी गोठवलेल्या मानवी भ्रूणातून गर्भधारणा झाल्याचे 'नेचर'मध्ये जाहीर केले. तोही भ्रूण आठ पेशींचा होता आणि संरक्षक द्रव्यही तेच. ती गर्भधारणा पूर्णत्वास गेली नाही. अशा भ्रूणापासून झालेले बाळ तेथे १९८४मध्ये जन्मले.

आता मुंबईकडे वळू. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांचे ते यश होते. देशातील पहिली परीक्षानळी-बालिका म्हणून हर्षाची नोंद झाली. १९९७मध्ये आनंद कुमार एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले असता मुखर्जींची कागदपत्रे त्यांच्या हाती आली. ती त्यांनी बारकाईने वाचली, दुर्गाच्या पालकांशी बोलले आणि त्यांची खात्री पटली. निवृत्तीनंतर ते बंगळुरूत स्थायिक झाले होते. त्याच वर्षी येथून निघणाऱ्या 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून त्यांनी जाहीर केले की भारतातील पहिल्या परीक्षानळी-बालिकेचे शिल्पकार सुभाष मुखर्जी हेच होते. म्हणजे 'पहिला' हे स्वतःच्या नावामागचे बिरुद त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून दुसऱ्याला दिले, आणि ते स्वीकारायला तो दुसरा हयात नव्हता.

मुखर्जींचा तर्क आज प्रजनन केंद्रांत रोज वापरला जातो. संप्रेरकांच्या चक्रात मिळालेले भ्रूण गोठवायचे आणि पुढच्या शांत चक्रात रुजवायचे, ही आता सर्वमान्य रीत आहे.

अवयवाची गोष्ट अधिक कठीण आहे. उष्णतेला एखाद्या वस्तूतून जायला लागणारा वेळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहापट झाली, तर वेळ शंभरपट. भ्रूण क्षणात सर्वत्र सारखा थंड होतो. मूत्रपिंडाचा पृष्ठभाग आणि गाभा यांत मात्र मोठी तफावत राहते, आणि वितळताना याच तफावतीने त्याला तडे जातात. म्हणून मिनेसोटातील संशोधकांनी रक्तवाहिन्यांत लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडले आणि चुंबकीय क्षेत्राने अवयव आतूनच, सर्वत्र एकदम तापवला. मानवी अवयवापर्यंतची वाट अद्याप लांब आहे.

त्या वाटेवर आणखी असाधारण दावे येतील. काही खोटे ठरतील, काही खरे. कदाचित एखादा दावा लहान शहरातून, तुटपुंज्या साधनांनिशी काम करणाऱ्या कोणाकडून येईल. तेव्हा समितीवर आपल्यापैकीच कोणीतरी बसलेले असेल. भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये दशकानुदशके थांबू शकतो. माणसाला तेवढा अवधी नसतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आनंद कुमारांचा तो लेख जरूर वाचावा. 'करंट सायन्स'चे जुने अंक सर्वांना खुले आहेत.