लीना बो बार्दी : वर्गाबाहेरच्या शिक्षिका

वास्तुविशारद लीना बो बार्दी यांच्या कामाकडे वळणाऱ्याला बहुधा आधी भेटते ते एक छायाचित्र : त्यांनी रचलेले, ब्राझीलमधल्या साओ पावलोचे कलासंग्रहालय. चार खांबांवर उचललेले, खाली सुमारे ७० मीटर लांबीची मोकळी जागा शहरासाठी सोडणारे. १९६८ साली ते खुले झाले. छायाचित्र जरूर पाहावे, पण तिथेच मुक्काम करू नये. त्यात लीनाबाईंमधली शिक्षिका दिसत नाही.

त्यांचा जन्म १९१४ साली रोममध्ये झाला. स्थापत्याची पदवी घेतल्यावर त्या मिलानला गेल्या आणि लगेच महायुद्ध आले. बांधायला काही नव्हते, म्हणून त्या नियतकालिकांत लिहू लागल्या, चित्रे काढू लागल्या. १९४६ मध्ये पती, कलासमीक्षक पिएत्रो मारिया बार्दी यांच्यासह ब्राझीलला आल्या. १९५१ मध्ये तिथल्या नागरिक झाल्या.

विद्यापीठातली त्यांची कारकीर्द मात्र तोकडी. साओ पावलो विद्यापीठात त्यांनी काही काळ शिकवले, कायम पदासाठी १९५७ मध्ये स्थापत्यसिद्धान्त कसा शिकवावा यावर प्रबंध लिहिला. पद मिळाले नाही. हजेरीपटावरूनच वारसा मोजायचा तर विषय इथेच संपतो.

खरा वर्ग भरला तो ईशान्येकडच्या साल्व्हादोरमध्ये. तिथल्या समुद्राकाठच्या सोलार दो उन्याँव या जुन्या वास्तुसमूहाचा त्यांनी जीर्णोद्धार केला आणि १९६३ मध्ये तिथे लोककलेचे संग्रहालय उघडले. त्यातला लाकडी जिना मुद्दाम पाहावा : त्याचे सांधे बैलगाडीच्या जोडणीवरून घेतलेले आहेत. पहिल्याच प्रदर्शनात त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू मांडल्या. जळक्या बल्बांचे आणि रिकाम्या डब्यांचे दिवेसुद्धा. गरिबीचे कौतुक करणे हा त्यांचा हेतू नव्हता. टंचाईतून आलेली ही अक्कल देशाच्या औद्योगिक उत्पादनाचा पाया व्हावी, असे त्यांना वाटत होते. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि हा प्रयोग मोडला.

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘परक्या नजरेने ब्राझील शोधला’ हे वाक्य लीनाबाईंवरच्या लेखनात फार सहज येते. मला ते पटत नाही. वस्तू घडवणारे हात तिथेच होते, त्यांची कदर करणारेही होते. साल्व्हादोर ज्या राज्यात आहे त्या बाहियावरचे १९५९ सालचे प्रदर्शन लीनाबाईंनी नाट्यशिक्षक मार्तिम गोन्साल्व्हिस यांच्यासोबत उभे केले होते. स्थलांतरितेचे श्रेय मोजताना यजमानांचे श्रेय पुसले जाऊ नये.

१९७७ पासून त्यांनी साओ पावलोतल्या एका बंद पडलेल्या पिंपांच्या कारखान्याचे रूपांतर हाती घेतले. तिथे शनिवार-रविवारी मुले फुटबॉल खेळत, कुटुंबे जमत. तो राबता टिकवायचा, तर कारखाना पाडून चालणार नव्हते. सेस्क पोंपेया हे आजचे सांस्कृतिक-क्रीडा केंद्र त्यातून झाले. काम चालू असताना त्यांचे कार्यालय बांधकामाच्या जागेवरच होते. सोबत आंद्रे व्हायनेर आणि मार्सेलो फेर्राज हे तरुण वास्तुविशारद. आराखडा जागेवरच बदले, कारागिरांशी बोलून ठरे. शिक्षण म्हणतात ते हेच, असे माझे मत.

लीनाबाई १९९२ मध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचा मोठा ग्रंथ निघाला, तो फेर्राज यांच्या संपादनाखाली. तेव्हा या क्षेत्रातले आपले एक मूळ साधनच त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाकडून आले आहे. ते वाचताना ही जवळीक लक्षात ठेवावी, आणि शेजारी लीनाबाईंची स्वतःची रेखाटने उघडी ठेवावीत.