तिकीट खिडकीमागचं जुनं सॉफ्टवेअर

'सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर'वर वाचायला बसलात की दोन चित्रं हमखास दिसतील: आधीची एकसंध सिस्टिम आणि नंतरच्या सुट्या सर्व्हिसेस. मधल्या काळात जुनी सिस्टिम कोण आणि कशी सांभाळत होतं, हे मात्र शोधावं लागतं. मला विचाराल तर संशोधनाचा विषय तिथेच आहे.

रेल्वे आरक्षणाचंच घ्या. आम्हा वाघोलीकरांना पूर्वी तिकिटासाठी पुणे स्टेशनची रांग धरावी लागायची. या संगणकीय आरक्षणाची सुरुवात दिल्लीत १९८५-८६ च्या सुमारास 'इम्प्रेस'ने झाली. पुढे क्रिसने 'कॉन्सर्ट' बांधलं आणि एप्रिल १९९९ पर्यंत मुंबईसह पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली. गाभा फोरट्रान आणि सी मधला, ओपनव्हीएमएसवर चालणारा.

३ ऑगस्ट २००२ ला आयआरसीटीसीची वेबसाइट आली. तिच्यासाठी हा गाभा मोडला नाही. बर्थची वही पीआरएसकडेच राहिली, वेबसाइट तिला विचारू लागली. दोन वह्या झाल्या असत्या तर एकच बर्थ दोघांना विकला गेला असता ना! गंमत म्हणजे सुरुवातीला ऑनलाइन काढलेलं तिकीटही कागदी असायचं, कुरिअरने घरी यायचं. ई-तिकीट आलं २००५ मध्ये.

स्वॉन्सनने १९७६ मध्ये देखभालीचे तीन प्रकार सांगितले: चूक दुरुस्त करणं, बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणं, चालू आहे ते सुधारणं. आता सांगा, तत्काळच्या वेळी वेबवरून एकदम आदळणारी गर्दी यातल्या कोणत्या खणात टाकाल? जुन्या कोडमध्ये चूक नाही, पण काम त्याच्याच गळ्यात पडतं. मी दुसऱ्या खणात टाकेन, पण जरा नाइलाजानेच.

दुसरं उदाहरण: १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. हा आकडा फक्त गाभ्यात असेल तर बदल एका जागी. वेबसाइट, ॲप, एजंटांचे सॉफ्टवेअर यांनी तो आपापल्याकडे लिहून ठेवला असेल तर? तुमच्या केस स्टडीत असा एक नियम निवडा आणि तो किती ठिकाणी सापडतो ते मोजा.

आता पीआरएस क्लाउडवर नेण्याचं काम रेल्वेने हाती घेतलं आहे. बदलाच्या आदल्या दिवशी जुन्या सिस्टिममध्ये काढलेलं तिकीट साठ दिवसांनी नव्या सिस्टिममध्ये रद्द करता आलं पाहिजे, आणि परतावाही बरोबर मिळाला पाहिजे.