उष्माघात : दोष कामगाराच्या प्रकृतीचा की हवेचा?

उष्माघात हा रोग प्राचीन आहे. परंतु कामाच्या ठिकाणी तो झाल्यास त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तुलनेने अलीकडचा होय. भट्टीपुढे किंवा खाणीत माणूस कोसळला, तर त्याची प्रकृतीच नाजूक होती, असे म्हणून विषय संपविता येत असे.

या समजुतीला शास्त्रीय उत्तर जे. एस. हॉल्डेन यांच्या १९०५ मधील संशोधनाने मिळाले. उष्ण व स्थिर हवेत निर्णायक असते ते साध्या तापमापकाचे मान नव्हे, तर फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेल्या आर्द्र तापमापकाचे मान, असे त्यांनी दाखविले. हे मान सुमारे ३१° सें.च्या वर गेले की कमरेपर्यंत उघड्या, स्वस्थ बसलेल्या माणसाच्याही शरीराचे तापमान वाढू लागते. श्रम करणाऱ्याची मर्यादा याहून बरीच खाली असते. घाम येणे पुरेसे नसते. तो वाळला तरच शरीर निवते.

१९२३ मध्ये के. नेव्हिल मॉस यांनी इंग्लंडातील कोळसा खाणकामगारांना येणाऱ्या पेटक्यांचा उलगडा केला. घामावाटे गेलेले मीठ नुसत्या पाण्याने भरून येत नाही. पाण्यात थोडे मीठ घातल्यास पेटके टळतात. पेटके, चक्कर व मळमळ ही पूर्वसूचना होय. भ्रम होणे वा शुद्ध हरपणे हे मात्र प्राणसंकट असून, अशा वेळी शरीर तत्काळ थंड करावे लागते. त्वचा घामाने ओली आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजणे घातक ठरते.

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत वेगळा मार्ग अवलंबिला गेला. फुप्फुसांना घातक असणारी धूळ बसविण्यासाठी तेथे पाणी शिंपडत. त्याने हवा दमट होऊन दुसरा धोका उत्पन्न झाला. ए. ओ. ड्रिओस्टी यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कामगारांची उष्णतासहनशक्ती तपासून त्यांना क्रमाक्रमाने सवय करविली जाई. हा उपाय गुणकारी होता; नवख्या कामगाराला धोका सर्वाधिक, हे तत्त्व आजही मान्य आहे. परंतु त्यात हवेला अनुरूप माणूस निवडला जाई, माणसाला अनुरूप हवा नव्हे.

भारतातील १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा भार स्थळावर टाकला. कामाच्या खोलीतील तापमान आरोग्यास अपायकारक होऊ न देणे हे कारखान्याचे कर्तव्य ठरले. २५० हून अधिक कामगार असल्यास उन्हाळ्यात थंड पाण्याची तरतूद आवश्यक झाली. तथापि हे संरक्षण कारखान्यापुरते होते. १९५७ मध्ये यॅग्लू व मिनार्ड यांनी मांडलेल्या निर्देशांकात काळ्या गोलकाच्या साहाय्याने उन्हाचाही हिशेब घेतला गेला. म्हणजे उघड्यावरील धोका मोजण्याचे साधन उपलब्ध झाले. पण ऊसतोडणी करणारा मजूर किंवा रस्त्यावर डांबर टाकणारा कामगार त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेरच राहिला. ज्ञान आणि कर्तव्य यांच्यातील हे अंतर हाच या इतिहासाचा मुख्य प्रश्न होय.