दहा मिनिटांचं अंतर

लस टोचून घेतली की रात्री कणकण येते, हे लसनिर्मितीसाठी ओळखल्या जाणाऱ्या हडपसरला वेगळं सांगायला नको. सकाळपर्यंत उतरणाऱ्या त्या तापामागे सायटोकाइन नावाचे निरोपे रेणू असतात. त्यांचा लगाम सुटला तर काय होतं, ते 13 मार्च 2006 रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात दिसलं.

सकाळी 8.00 (हडपसरला दुपारी 1.30). औषधाच्या चाचणीसाठी आलेले आठ निरोगी तरुण. सहा जणांना टीजीएन1412 हे नवं प्रतिपिंड द्यायचं, दोघांना औषध नसलेला द्राव. माणसाच्या अंगात हे औषध पहिल्यांदाच जाणार होतं. मात्रा वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे माकडांना सोसली त्याच्या पाचशेव्या भागाएवढी. पहिल्याच्या शिरेत औषध काही मिनिटांत गेलं.

8.10. दुसरा.

8.20. तिसरा. दोघांमध्ये दहा मिनिटं, असं कागदावर ठरलं होतं. हे औषध सीडी28 या ग्राहीवाटे रोगप्रतिकारक टी-पेशींना थेट चेतवतं. पण चेतलेल्या पेशींना सायटोकाइन बनवून रक्तात सोडायला वेळ लागतो, आणि तो दहा मिनिटांहून बराच जास्त असतो.

8.50. रांगेच्या हिशेबाने सहावा. औषध गेल्यापासून डोकं ठणकायला लागेपर्यंत कमीत कमी एवढाच वेळ गेला: 50 मिनिटं. रांग थांबवायला उसंत उरलीच नव्हती.

10.40 च्या आत. औषध मिळालेले सहाही आजारी. डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, जुलाब, हुडहुडी. रक्तदाब घसरला. रक्तातल्या सायटोकाइनपैकी आधी टीएनएफ-अल्फा वाढला, पाठोपाठ इंटरल्युकिन-6 आणि इंटरफेरॉन-गॅमा.

ताप चढतो तो असा. हे रेणू मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी पोचतात. तिथे कॉक्स-2 हे विकर प्रोस्टाग्लँडिन ई2 तयार करतं आणि हायपोथॅलॅमसमधला तापमानाचा काटा वर सरकतो. मग 37 अंशांवरचं शरीरही स्वतःला गारठलेलं समजतं. कातडीतल्या वाहिन्या आवळतात, दात वाजू लागतात, माणूस गोधडी मागतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन रोखून काटा खाली आणतं. रक्तातल्या सायटोकाइनना मात्र ते आवरत नाही.

रात्री 8.00 ते 12.00 (हडपसरला मध्यरात्रीनंतर 1.30 ते पहाटे 5.30). सहाही अत्यवस्थ, अतिदक्षता विभागात. फुप्फुसांना इजा, मूत्रपिंडं निकामी होऊ लागलेली, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडलेली.

14 मार्च, सकाळ. चोवीस तासांत रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. उपचारांत स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा आणि डायलिसिस.

सहाही जण वाचले. एकाला पायाची बोटं आणि हाताच्या बोटांचे शेंडे गमवावे लागले.

माणसांत ज्या टी-पेशींनी हा भडका उडवला, चाचणीतल्या माकडांच्या तशाच पेशींवर सीडी28 नसतं, हे पुढे काही वर्षांनी उलगडलं. त्या सकाळी ते कुणाला ठाऊक नव्हतं, हे मान्य. पण पहिल्याकडे तासभर, दिवसभर बघत बसायला कुठलं नवं ज्ञान लागत नव्हतं. या घटनेनंतर नेमलेल्या गॉर्डन डफ यांच्या समितीनेही डिसेंबर 2006 च्या अहवालात हेच सांगितलं: नवं औषध आधी एकालाच द्या, पुरेसं थांबा, मगच पुढचा.

औषधाच्या चाचणीचं संमतिपत्र कधी तुमच्यापुढे आलं, तर सही करण्याआधी एवढं विचारा: माझ्या आधीच्याला औषध कधी दिलं, आणि त्यानंतर तुम्ही किती वेळ थांबलात?