घाणेरी
(टणटणी, कुल-व्हर्बिनेसी). उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील काटेरी झुडूप. युरोपातील बागांत संकरातून तिचे अनेक रंगीत वाण तयार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, पुढे कुंपणांतून रानात शिरली. तिची काळी पिकलेली फळे बुलबुल आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात. तोडली वा जाळली तरी ती बुंध्यातून पुन्हा फुटते. सह्याद्रीच्या उतारांवर तिच्या दाट जाळ्या माजतात. त्यांखाली गवत आणि देशी झाडांची रोपे तग धरत नाहीत, आणि खरी हानी हीच. पाने खाल्ल्यास गुरांचे यकृत बिघडते. कर्नाटकातील सोलिग आदिवासी तिच्या फांद्यांपासून फर्निचर बनवतात, मात्र तेवढ्याने फैलाव आटोक्यात येत नाही. मुळाचा गड्डा उपटून काढावाच लागतो.