अमाल्फीचा पुतळा आणि एक स्वल्पविराम

दक्षिण इटलीतील अमाल्फी येथे समुद्राकाठच्या चौकात फ्लाविओ जोया याचा पुतळा उभा आहे. होकायंत्राचा जनक म्हणून तो प्रवाशांस दाखविला जातो. ११३५ व ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने लुटलेल्या आणि १३४३ च्या समुद्रप्रकोपात बंदर गमावलेल्या या नगरास गतवैभवाची ही खूण प्रिय वाटावी, हे स्वाभाविकच होय. परंतु असा पुरुष खरोखर होऊन गेला काय?

पंधराव्या शतकात इतिहासकार फ्लाविओ बिओन्दो याने या शोधाचे श्रेय अमाल्फीकरांस दिले होते. १५११ मध्ये जाम्बात्तिस्ता पिओ याने त्याचा हवाला लॅटिनमध्ये नोंदविला. त्या वाक्यात ‘फ्लाविओकडून’ हे पद ‘शोधिला गेला’ व ‘सांगितले जाते’ या दोन कर्मणी क्रियापदांच्या मधोमध पडले. ‘शोध लागला, असे फ्लाविओ सांगतो’ हा पिओचा अभिप्रेत अर्थ. स्वल्पविराम सरकताच ‘फ्लाविओने शोध लावला, असे सांगतात’ असा अर्थ झाला. निवेदकाचा संशोधक बनला! (मुद्रितशोधकांनी याची अवश्य नोंद घ्यावी.) ‘जोया’ हे उपनाम मागाहून चिकटले. परंपरेने मानलेले १३०२ हे वर्षही टिकत नाही. चुंबकसूचीचा उल्लेख चीनमध्ये शेन कुओ याने १०८८ च्या सुमारास, तर युरोपात अलेक्झांडर नेकम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस केलेला आहे.

तथापि अमाल्फीचा हक्क सर्वस्वी फोल ठरत नाही. सूची, पेटी व दिशाचक्र यांची जोडणी तेथील खलाशांनी केली असणे शक्य आहे. बिओन्दोने श्रेय दिले होते तेही कोणा एकास नव्हे, नगरवासीयांस.